हाकेची सवय

घोडपदेवच्या ह्या खोलीत
अकरा वर्षांत मी कुणाला हाक मारलेली नाही.
लागलीच नाही.
कोपर लावलं की मीठ पुढे येतं,
भुवई उचलली की निनादला कळतं, पाणी जाईल, उठ.
नावं आमची रेशनकार्डावर,
नाहीतर वहीच्या तपकिरी कव्हरावर
चिकटवलेल्या चौकोनात.

भांडणंही कुजबुजीतली.
मागच्या गणपतीत विश्राम आणि मी
तासभर भांडलो, पैशांवरून, पालथं पडून,
नुसते ओठ हलवत.
मुलं जागी होती.
इतकं सारखं, इतकं नीट
झोपेत कुणी श्वास घेत नाही.

आणि आता गोराईच्या गावठाणातलं घर.
खाली दोन खोल्या, वर एक, फळ्यांच्या जमिनीची.
मागे विहीर, तिच्यावर गंजकी जाळी.
लुर्दिसबाई किल्ली देताना म्हणाल्या,
शेवगा तोडू नका,
सुरवंट पडतात, पण शेंगाही पडतात.
कर्ज सोळा वर्षांचं.
ते फिटेल तेव्हा विश्राम अठ्ठावन्नचा.
हा हिशोब आम्ही एकदाच केला
आणि कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला.

मुक्ताला दार हवंय.
खोली नाही म्हणाली. दार.
आपटता येईल असं.
निनादला विहिरीपासून "आई" म्हणून ओरडायचंय,
मी आतून "काय रे" म्हणायचं,
आणि त्याने म्हणायचं, काही नाही.
विश्राम म्हणतो, एकदा तरी घसा ताणून भांडू आपण.
कशावरून?
ते तिथे गेल्यावर बघू.

मला एवढंच हवंय:
भाजी चिरताना
कोण घरात आहे आणि कोण बाहेर
हे थोडा वेळ मला माहीत नसावं.

कुंदाआत्या काहीच मागत नव्हती.
डब्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकता ठोकता
तिचे दोन्ही कान गेले, पेन्शन बसायच्या आधी.
रविवारी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळताना
एक वाटी तशीच हातात धरून म्हणाली,
"तिकडे मी वेगळ्या खोलीत.
मग तुम्ही आहात
हे मला कळणार कसं?"

कुणी काही बोललं नाही.
टेम्पोवाल्याचा फोन आला, भाईंदरवरून फिरून यावं लागेल,
हजार जास्त. विश्राम हो म्हणाला, घासाघीस न करता.

मग निनाद: दिवा लावू, उघडझाप करणारा.
मुक्ता: दोरी बांधू, टोकाला घुंगरू.
घुंगरू कशाला, अगं?
तीच हसली आधी.
शेवटी विश्रामच म्हणाला,
वरच्या खोलीत जमीन फळ्यांची आहे.
आत्या, तू वर राहा. गुडघे आमच्यापेक्षा तुझेच बरे.
आम्ही खालून काठीने ठोकू.
तुला पायांना कळेल.

"साळसकरांसारखं!" मुलं एकदम ओरडली,
म्हणजे, आमच्या मापाने ओरडली.

साळसकर खाली राहतात, दुसऱ्या माळ्यावर.
अकरा वर्षं त्यांची काठी आमच्या जमिनीला
एकच गोष्ट सांगत आलीय.
चमचा पडला, ठक ठक.
मुक्ता पहिलं पाऊल टाकून बदकन बसली,
ठक ठक.

आज सामान बांधून झालं.
पिंप दाराशी गेल्यामुळे
एका माणसाची जागा जास्त झाली,
तरी सगळे जुन्याच रांगेत आडवे,
आत्या भिंतीकडे, तिचा पाय माझ्या पोटरीला.
साडेअकराला निनादच्या हातून खलबत्ता सुटला.
खालून काठी आली.
आम्ही सवयीने थिजलो, चौघंही,
श्वास मोजून.

आत्या झोपेतच होती, पाठ फळ्यांना टेकलेली.
तशीच, डोळे न उघडता,
"ओ," म्हणाली.
"आले."